ओपनरॉकेट : विद्यार्थी रॉकेट संघटनांनी हे सॉफ्टवेअर कसं वापरावं आणि कुठे थांबावं

विद्यापीठाच्या रॉकेट संघटनेत दर तीन-चार वर्षांनी अख्खा संघ बदलतो. ज्यांना सगळं ठाऊक असतं ते पदवी घेऊन जातात आणि नव्या मुलांच्या हाती राहते एक फाइल. बहुतेक ठिकाणी ती ओपनरॉकेटची, म्हणजे संगणकावर रॉकेटचा आराखडा काढून त्याचं उड्डाण कसं होईल ते दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची असते. म्हणून या मोफत सॉफ्टवेअरचं परीक्षण करताना दोन प्रश्न विचारायला हवेत : त्याचं गणित किती खरं, आणि त्याच्या फाइलमधून पुढच्या तुकडीला किती कळतं?

हे मुळात एका विद्यार्थ्याचंच काम आहे. साम्पो निस्कानेन याने २००९ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ते जावामध्ये लिहिलं आणि मुक्त परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. दाबकेंद्र, म्हणजे रॉकेटवरचा हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू, काढायची मूळ पद्धत जेम्स बॅरोमन यांची, १९६० च्या दशकातली. निस्कानेनने तिला लांब नळीवर येणाऱ्या उत्थापनाची (हवेच्या आडव्या रेट्याची) जोड दिली. २०१५ च्या १५.०३ आवृत्तीनंतर थेट २०२२ मध्ये २२.०२ आली. अजूनही काही प्रयोगशाळांतल्या संगणकांवर १५.०३ दिसते, ती काढून टाकावी. बाजूला जोडलेले बूस्टर (जादा मोटरचे टप्पे) आणि पॉड (बाजूच्या नळ्या) तिच्यात नाहीत, शिवाय जावा वेगळं बसवावं लागतं.

रॉकेटचं चित्र तासाभरात तयार होतं, आणि तिथेच फसगत सुरू होते. सॉफ्टवेअर प्रत्येक भागाचं वजन आकार आणि घनतेवरून काढतं. इपॉक्सी गोंद, फिनच्या (शेपटीकडच्या पंखांच्या) मुळाशी भरलेले गोंदाचे फिलेट, रंग, वायरी, स्क्रू यांतलं काहीच त्यात आपोआप येत नाही. यातलं बरंचसं वजन शेपटीकडे जातं, म्हणजे गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि स्थिरता घटते. स्थिरता कॅलिबरमध्ये मोजतात : गुरुत्वमध्य आणि दाबकेंद्र यांतलं अंतर भागिले नळीचा सर्वांत मोठा व्यास. १०० मिमी व्यासाच्या रॉकेटमध्ये गुरुत्वमध्य ४० मिमी मागे गेला की १.६ चे १.२ कॅलिबर होतात. उपाय सोपा आहे. तयार रॉकेट मोटर न घालता तोला, धारेवर ठेवून समतोलबिंदू शोधा आणि दोन्ही आकडे ओव्हरराइडमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरचा हिशोब बाजूला सारून स्वतःचा आकडा द्यायच्या जागी, भरा. मोटरचं वजन सॉफ्टवेअर स्वतः मिळवतं. मोटरसकट तोललेलं वजन भरलं तर ते दोनदा धरलं जातं.

ड्रॅगच्या, म्हणजे हवेच्या अडथळ्याच्या, बाबतीत दोन गोष्टी बघायच्या राहून जातात. पृष्ठभाग मुळात ‘साधा रंग’, म्हणजे ६० मायक्रोमीटर खरखरीत धरलेला असतो. फिनचा छेद चौकोनी धरलेला असतो. फिनच्या कडा गोल घासल्या असतील आणि हे बदललं नाही, तर सॉफ्टवेअर खऱ्यापेक्षा कमी उंची दाखवतं. लक्ष्य-उंचीच्या अचूकतेवर गुण देणाऱ्या स्पर्धेत हे महागात पडतं.

सर्वांत जास्त लक्ष लाँच रेलकडे, म्हणजे सुटताना रॉकेटला सरळ धरणाऱ्या उभ्या पट्टीकडे, द्यावं. रॉकेटवर लाँच लग (रेलमध्ये अडकणारी नळी किंवा बटन) काढलेलाच नसेल, तर सॉफ्टवेअर रेलची पूर्ण लांबी धरतं. प्रत्यक्षात गुरुत्वमध्याच्या पुढचं बटन रेलबाहेर पडलं की रॉकेट डोलायला मोकळं होतं. रेल ५.२ मीटर, पुढचं बटन तळापासून १.५ मीटरवर आणि थ्रस्ट (मोटरचा रेटा) वजनाच्या दहापट धरा. पूर्ण लांबीवर सुटण्याचा वेग ३०.३ मी/से येतो, ३.७ मीटरवर २५.६ मी/से. आयआरईसी या विद्यार्थ्यांच्या रॉकेट स्पर्धेत १०० फूट प्रति सेकंद, म्हणजे ३०.५ मी/से वेग अपेक्षित असतो, त्यामुळे हा फरक किरकोळ नाही. त्यात ८ मी/से आडवा वारा असेल तर रॉकेट सुटताच हवेशी सुमारे १७ अंशांचा कोन करतं, आणि लांब, सडपातळ रॉकेटचं दाबकेंद्र पुढे सरकतं. मुख्य पडद्यावरचा स्थिरतेचा आकडा हे दाखवत नाही. रेलची लांबी स्वतः कमी करून भरा आणि काळानुसार स्थिरतेचा आलेख काढून पहिलं सेकंद नीट बघा.

पॅराशूट मुळात मोटरच्या इजेक्शन चार्जवर (पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या छोट्या स्फोटावर) उघडतं असं धरलेलं असतं. बंद टोकाच्या मोटरला तो चार्जच नसतो, म्हणून सिम्युलेशनमधलं रॉकेट सरळ जमिनीवर आदळतं. ड्रोगला (आधी उघडणाऱ्या छोट्या पॅराशूटला) शिखरबिंदू आणि मुख्य पॅराशूटला ठरावीक उंची द्या. नासाच्या स्टुडंट लाँच स्पर्धेत जमिनीला टेकताना कोणत्याही भागाची गतिज ऊर्जा ७५ फूट-पाउंडपेक्षा, म्हणजे सुमारे १०२ ज्यूलपेक्षा जास्त चालत नाही. ५ किलोच्या भागासाठी ही मर्यादा ६.४ मी/से होते. एकूण १० किलोच्या रॉकेटला, ड्रॅग गुणांक ०.८ धरून, त्यासाठी साधारण अडीच मीटर व्यासाचं पॅराशूट लागतं.

स्वतः बनवलेली मोटर घालणं सोपं आहे, हा या सॉफ्टवेअरचा मोठा गुण. साध्या मजकुराची .ईएनजी फाइल पुरते. पहिल्या ओळीत नाव, व्यास आणि लांबी मिमीमध्ये, डिले (इंधन संपल्यापासून इजेक्शन चार्ज उडेपर्यंतचे सेकंद), इंधनाचं वजन, एकूण वजन आणि बनवणाऱ्याचं नाव. दोन्ही वजनं किलोत द्यायची, ग्रॅममध्ये नाही. खाली चाचणीतल्या वेळ-थ्रस्टच्या जोड्या, शेवटच्या ओळीत थ्रस्ट शून्य.

वेग आवाजाच्या वेगाच्या आत असेल तर ओपनरॉकेट निःशंक वापरावं. मॅक १.५ च्या, म्हणजे आवाजाच्या दीडपट वेगाच्या, पुढे त्याच्या ड्रॅगवर विसंबू नये, तिथे रासएरो २ या दुसऱ्या सॉफ्टवेअरशी ताडून बघावं. फिन फडफडून तुटतील का, हे ते सांगत नाही. रॉकेट वाऱ्याने कुठवर भरकटेल याचा मोंटे कार्लो अंदाज (आकडे थोडे थोडे बदलून अनेकदा काढलेला) हवा असेल तर रॉकेटपाय हे सॉफ्टवेअर घ्यावं. तेही साओ पाउलो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या रॉकेट संघातूनच आलं आहे, पण त्यासाठी पायथन यावं लागतं.

आता फाइलबद्दल. ओपनरॉकेटची .ओआरके फाइल म्हणजे झिप केलेलं एक्सएमएल, म्हणजे साध्या मजकुराचीच एक रचना, त्यामुळे ती बऱ्याच वर्षांनीही उघडून वाचता येते. प्रत्येक भागाला शेऱ्याची जागा असते आणि बहुतेक संघटना ती रिकामी सोडतात. तिथे लिहा : वजन केव्हा तोललं, कोणती इपॉक्सी किती ग्रॅम लागली, फिनचा छेद का बदलला. उड्डाणानंतर अल्टिमीटरची (रॉकेटमधल्या उंचीमापकाची) उंची आणि सिम्युलेशनची उंची दोन्ही रॉकेटच्या मुख्य शेऱ्यात नोंदवा आणि उड्डाणाची फाइल वेगळ्या नावाने जपा. पुढच्या तुकडीने तिच्यावर काम करायचं ते प्रत काढून.