सात महिने टेम्प्लर: मारता मारता स्वतःच बरा होणारा गडी

दिवाळीच्या सुट्टीत ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाईन’ या ऑनलाईन खेळात टेम्प्लर या वर्गाचा (क्लासचा) गडी सुरू केला. आता मे लागलाय, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलाय, खोलीत कूलर घुरघुरतोय आणि गडी अजून तोच आहे. मधल्या काळात तीनदा पूर्ण मोडून पुन्हा बांधला. ओळखीतल्या दोघातिघांनी विचारलं होतं की एकट्यानं खेळायला हीलर, म्हणजे हेल्थ भरून काढणारा गडी, घेतला तर चालतो का, आणि तोही काठी धरून मागे उभा राहणारा नको, अंगावर जाऊन भिडणारा हवा. चालतो. फक्त मी पहिले दोन महिने जसा बांधला होता तसा बांधू नका.

एकटाच का खेळतो, ते आधी सांगतो. माझी शिफ्ट नागपूरच्या मिहानमध्ये, दुपारी दोन ते रात्री अकरा. मनीषनगरला घरी येऊन, जेवून बसेपर्यंत बारा वाजतात. माझं खातं युरोपच्या सर्व्हरवर, तो फ्रँकफर्टला. तिथले रात्रीचे आठ म्हणजे आपले हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा, म्हणजे वेळ तशी जुळते. पण गिल्डवाल्यांना (खेळाडूंच्या संघांना) तीन तास जागचा न हलणारा माणूस लागतो, आणि आमच्याकडे एक वाजता आई पाणी प्यायला उठते, दिवा बघते आणि दारातूनच म्हणते, ‘कूलरमध्ये पाणी टाक रे, पंप कोरडा चाललाय.’ ऑनलाईन खेळाला थांबवायचं बटण नसतं, हे तिला समजावून मी थकलो. त्यामुळे गट नाही, ट्रायल (मोठ्या गटाची मोहीम) नाही. एकटा आणि टेम्प्लर.

आता माझी चूक. हीलर म्हटल्यावर डोक्यात जे चित्र येतं, तेच मी उभं केलं. गड्याची ताकद वाटायचे 64 च्या 64 ॲट्रिब्यूट पॉइंट हेल्थमध्ये, मागच्या बारवर (स्किल्सच्या दुसऱ्या पट्टीवर) रिस्टोरेशन स्टाफ ही बरं करणारी काठी, अंगावर गटाला मदत करणारे आर्मरचे सेट. मरत नव्हतो, हे खरं. पण मारतही नव्हतो. स्टोनफॉल्समधल्या ‘फंगल ग्रोटो 1’ या डंजनमध्ये, तेही नॉर्मलवर (सोप्या पातळीवर), शेवटच्या क्राघ या बॉससमोर मी अकरा मिनिटं उभा होतो. शाळेतलं ते गणित आठवतं ना, एका नळानं टाकी भरते आणि दुसऱ्यानं रिकामी होते? तसं. त्याची हेल्थ जरा उतरली की माझी भरायची पाळी यायची, आणि माझी भरेपर्यंत तो पुन्हा माझ्यावर ताजातवाना.

कारण साधं आहे, फक्त मला उशिरा कळलं. इथे एक स्किल मारलं की पुढचं मारायला साधारण एक सेकंद थांबावं लागतं. हीलचं बटण दाबलं की तो सेकंद मारण्यातून वजा. चौघांच्या गटात हे खपतं, कारण मारायला बाकीचे असतात. एकट्याला प्रत्येक हील उधारीवर घ्यावा लागतो, आणि फेडायची लढाई लांबवून. लढाई लांबली की मार जास्त, मार जास्त की पुन्हा हील.

सुटका झाली ती टेम्प्लरच्याच एका स्किलमुळे. एडरिक स्पिअर या शाखेतलं (स्किल्सच्या एका गटातलं) पंक्चरिंग स्ट्राइक्स आहे ना, त्याचे पुढे दोन फाटे फुटतात. त्यातला पंक्चरिंग स्वीप घ्या. प्रकाशाचा भाला समोरच्या सगळ्यांना भोसकतो, आणि जेवढं डॅमेज झालं त्याचा काही हिस्सा तुमच्या हेल्थमध्ये परत येतो. (2022 साली त्याचं ॲनिमेशन बदललं, आणि जुने खेळाडू अजून जुन्या भाल्यासाठी हळहळतात. मी नंतर आलो, मला दुःख नाही.) आपल्याकडे तर्री कोणी वेगळ्या वाटीत मागत नाही, ती पोह्यावरच ओतून येते. हीलचंही तसंच हवं.

याला जोड मिळते 2022 च्याच एका मोठ्या बदलाची. तेव्हापासून बहुतेक स्किल्स मॅजिका आणि स्टॅमिना (स्किल्स मारताना खर्च होणाऱ्या जादूच्या आणि अंगमेहनतीच्या टाक्या) यांपैकी तुमचं जे जास्त असेल त्यावरून, आणि वेपन व स्पेल डॅमेजपैकी जे जास्त असेल त्यावरून ताकद घेतात. हीलसुद्धा. म्हणजे मारायची ताकद वाढवली की बरं व्हायची ताकद आपोआप वाढते. हे लक्षात आल्यावर मी सगळे 64 पॉइंट उचलून मॅजिकात टाकले आणि हेल्थ जेवणावर सोडली. खेळातल्या जेवणावर, म्हणजे हेल्थ वाढवणाऱ्या पदार्थांवर. भिडणाऱ्या गड्याला मॅजिका कशाला, असं वाटेल. स्वीप मॅजिकावर चालतो, म्हणून स्टॅमिना अख्खा शिल्लक राहतो ढाल धरायला, लोळण घ्यायला आणि कोणी जखडलं तर सुटायला. अंगावर जाऊन लढणाऱ्याचा जीव याच तीन गोष्टींत असतो.

पिंगचं, म्हणजे सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत यायला लागणाऱ्या वेळेचं, गणितही इथेच येतं. घरून फ्रँकफर्टला मला 180 ते 190 मिलिसेकंद लागतात, आणि बिल्डिंगमधले सगळे क्रिकेट लावून बसले की अडीचशेच्या वर. हेल्थ कमी झालेली दिसते तेव्हा ती तिकडे आधीच कमी झालेली असते. मग मी बटण दाबणार, ते तिकडे पोचणार, वर तो एक सेकंद. ‘बघा आणि मग हील मारा’ हा प्रकार नागपुरात बसून करायचा म्हणजे वरात निघून गेल्यावर बँड वाजवणं. जो हील आधीपासूनच चालू आहे, तोच वेळेवर पोचतो. म्हणून खाली कायम क्लिन्झिंग रिच्युअलचा जास्त वेळ टिकणारा प्रकार पसरलेला ठेवतो. तो वर्तुळात थोडं थोडं भरत राहतो आणि अंगावरचे वाईट परिणामही धुतो. ऑनर द डेड हा मोठा हील बारवर आहे, पण गळ्याशी आल्यावरच.

अंगठ्यांवर मात्र माझे दोन महिने गेले. दोन्ही अंगठ्या मिथिक, म्हणजे खास दुर्मिळ वस्तू, आणि अशी वस्तू एका वेळी एकच घालता येते, त्यामुळे निवड करावीच लागते. आधी ओकनसोल घातली. ती बरेच बफ (ताकद वाढवणारे परिणाम) कायमचे देते आणि बदल्यात दुसरा बार काढून घेते. लॅगमध्ये बार बदलताना अडकण्याचा ताप गेला, पाचच स्किल्स आणि अल्टिमेट (हळूहळू साठणारं मोठं स्किल), हात निवांत. कोणी नवीन असेल किंवा पिंग माझ्याहून वाईट असेल तर डोळे झाकून हीच घ्या. पण पाच जागांत स्वीप, रिच्युअल, मोठा हील आणि आर्मर देणारा रून फोकस बसवला की मारायला उरते एकच जागा.

मग रिंग ऑफ द पेल ऑर्डर. हिचे पाच तुकडे अँटिक्विटीजमधून, म्हणजे खेळातल्या पुरातन वस्तूंच्या शोधातून, उकरून काढावे लागतात. मला तीन आठवडे लागले, कारण एका तुकड्याची लीड (शोध सुरू करायचा धागा) काही केल्या पडेना. घातल्यावर मात्र खेळच बदलला. तुम्ही केलेल्या सगळ्याच डॅमेजचा काही भाग हेल्थ होऊन परत येतो, फक्त स्वीपचाच नाही. अट अशी की दुसरा कोणी तुम्हाला बरं करू शकत नाही, आणि गटात माणसं वाढली की तो भाग घटत जातो. एकट्याला या अटीचं काय? काहीच नाही. धरमपेठचा माझा मित्र एका रविवारी हौसेनं हीलर घेऊन मदतीला आला. मी अंगठीचं सांगायचं विसरलो. दहा मिनिटांनी हेडफोनमध्ये ओरडला, ‘काऊन बे, मी केव्हाचा हील मारून राह्यलो अन् तुझी हेल्थ हालूनच नाही राह्यली!’ त्यानंतर तो माझ्यासोबत डंजनला आलेला नाही.

आर्मरबद्दल फार लिहीत नाही. 660 रेझिस्टन्सला (मार अडवायच्या गुणांना) एक टक्का मार कमी, 33,000 ला निम्मा आणि तिथे मर्यादा. रून फोकसमधून मिळणारं मेजर रिझॉल्व्ह (आर्मरचा बफ) 5,948 चं, म्हणजे एकट्या त्याचेच नऊ टक्के. ते संपू द्यायचं नाही. बाकी सेट साधे, बरेचसे स्वतः बनवलेले.

आता दुखणी. पहिलं आणि मोठं: मारायला कोणी नसेल तर हा गडी बरा होत नाही. चार-पाच जण अंगावर आले की स्वीप सगळ्यांना लागतो, हील कितीतरी जास्त येतो, मजा असते. उलट एकच बॉस, तो उडून लांब गेला किंवा काही वेळ मार लागूच न देणारा झाला, की तुम्ही उघडे. मेलस्ट्रॉम अरेना या एकट्यानं लढायच्या आखाड्याच्या पाचव्या टप्प्यात हे मला बरेच दिवस भोवलं. तिथे पाण्यावर बर्फाचे तुकडे आहेत आणि ट्रोल येऊन ते फोडतात. पाण्यात उतरलात की हेल्थ ओसरते. मी ट्रोलला गाठायला धावायचो, तो तुकडा फोडून मोकळा व्हायचा, आणि मी गार पाण्यात उभा, समोर मारायला कुणी नाही. बाहेर नागपूर भाजतंय आणि मी पडद्यावर थंडीनं मरतोय, असे पंधरा दिवस गेले. एकदा बॉस दहा टक्क्यांवर आणला आणि लाइट गेली. राउटर इन्व्हर्टरवर आहे, कॉम्प्युटर नाही. तो टप्पा पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी जमलं ते ट्रोल येण्याआधीच त्याच्या जागेवर जाऊन उभं राहिल्यानं. बिल्डमध्ये काहीच बदललं नव्हतं. रिच्युअल मात्र आता तुकडा बदलायच्या दोन सेकंद आधी पुढच्या तुकड्याच्या कडेला पसरतो, म्हणजे पोचलो की खाली भरणं चालूच असतं.

दुसरं दुखणं मॅजिका संपण्याचं. स्वीप सतत मारला की टाकी झपाट्यानं उतरते. रून फोकसचा चॅनेल्ड प्रकार मॅजिका परत देतो, आणि मधे मधे एक हेवी अटॅक (बटण दाबून धरून मारलेला जोरदार वार). दोन्हीशिवाय भागत नाही. तिसरं म्हणजे कंटाळा. हे खरंच सांगायला हवं. लढाईतला बहुतेक वेळ तुम्ही एकच बटण दाबत असता. ज्यांना दोन्ही बारांवरची बारा बटणं वाजवायची आवड आहे, त्यांनी दुसरा वर्ग बघावा.

2025 च्या जूनपासून पन्नासाव्या लेव्हलनंतर आपल्या वर्गाच्या दोन शाखांपर्यंत काढून दुसऱ्या वर्गाच्या बसवता येतात. मी डॉन्स रॅथ ही टेम्प्लरची शाखा काढून बघितली, दोन आठवडे. डॅमेज वाढलं, पण शेवटच्या टप्प्यात कमी हेल्थवाल्याला जाळून संपवणारा तो किरण गेला, आणि त्याची सवय इतकी होती की बोट रिकाम्या जागेवरच जायचं. परत आणली. एडरिक स्पिअर आणि रिस्टोरिंग लाइट (बरं करणारी शाखा) यांना हात लावायची माझी हिंमत नाही.

खर्चाचं एक वाक्य: खेळ एकदाच विकत घ्यावा लागतो, महिन्याची वर्गणी ऐच्छिक आहे. पण वर्गणीशिवाय कच्चा माल ठेवायची वेगळी पिशवी मिळत नाही, आणि माझ्यासारख्या सगळं उचलून ठेवणाऱ्याला ती फार लागते.

सध्याची स्थिती अशी: क्राघ आता दीड मिनिटात पडतो. मेलस्ट्रॉम नॉर्मलवर पूर्ण, व्हेटरनवर (अवघड पातळीवर) आठ टप्पे झाले, नववा राहिलाय. काल रात्री तिथे तीन स्फटिक फोडायला वर चढलो, दोन फोडले, तेवढ्यात मागून आवाज आला, ‘कूलरमध्ये पाणी टाक रे.’