त्रिमिती शिकवणारा सपाट कोर्स

इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवताना मला दर वर्षी एकच गोष्ट छळते. लाकडी ठोकळा हातात दिला की सगळ्यांना कळतो. त्याचेच फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू, म्हणजे समोरून आणि वरून दिसणारी सपाट चित्रं, फळ्यावर काढली की निम्मा वर्ग हरवतो. व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणाऱ्या आभासी जगात, ठोकळ्याभोवती फिरवून आणलं तर? एवढ्या हौसेपायी एका विद्यापीठाच्या ऑनलाइन व्हीआर प्रमाणपत्र कोर्सला नाव घातलं. पाच भाग, मुदत सहा महिने. मला नऊ लागले. नोकरी सांभाळून करणार असाल तर तुम्हीही नऊच धरा.

पहिला भाग इतिहासाचा. तो उरकून टाकायचा विचार होता, पण व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञापाशी अडकले. १८३८ मध्ये या माणसाने आरसे लावून दोन डोळ्यांना एकाच वस्तूची किंचित वेगळी दोन सपाट चित्रं दाखवली आणि त्यांतून खोलीचा, म्हणजे जवळ-लांबचा, भास उभा केला. सावल्यांवरून खोली कळते असं कुणी म्हणू नये, म्हणून चित्रं मुद्दाम नुसत्या रेषांची. म्हणजे आमचंच ड्रॉइंग की! पुढे संगणकशास्त्रज्ञ सदरलंडचं डोक्यावर घालायचं १९६८ चं यंत्र आलं, छताला टांगलेलं, आणि त्यातही दिसायच्या त्या रेषाच. बाकीचा इतिहास दीडपट वेगाने ऐकला तरी चालतो.

दुसरा भाग मात्र एकही मिनिट गाळू नका. त्यातली पहिली असाइनमेंट होती हातातल्या कंट्रोलरच्या दांडीने पुढे चालता येईल असं दृश्य करण्याची. केलं, हेडसेट चढवला आणि पाच मिनिटांत घाम फुटला. दुपारभर आडवी. डोळे सांगतात चाललोय, आतला कान सांगतो बसलोय, आणि या भांडणात पोट ढवळतं, हे स्पष्टीकरण पुढच्या आठवड्याच्या लेक्चरमध्ये! आधी सांगितलं असतं तर ऐकून सोडून दिलं असतं, हे मास्तरकीच्या अनुभवावरून मान्य करते. टेलिपोर्ट, म्हणजे न चालता थेट दुसऱ्या जागी उडी, का वापरतात, वळण टप्प्याटप्प्यानेच का द्यायचं, हलताना दृश्याच्या कडा काळ्या का करायच्या, हे मग पाठ करावं लागलं नाही. मान वळली की चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत बदलायला हवं. ९० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ९० चित्रं दाखवणाऱ्या, हेडसेटवर एका चित्राला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. म्हणून दिवे, सावल्या सगळ्याला कात्री.

तिसरा भाग युनिटीचा, म्हणजे ही दृश्यं ज्यात बांधतात त्या सॉफ्टवेअरचा. इथे माझी फजिती झाली. ड्रॉइंगवाले मिलिमीटरमध्ये विचार करतात, युनिटीत एक एकक म्हणजे एक मीटर. माझा ६० मिलिमीटरचा ठोकळा ६० मीटर उंच होऊन समोर उभा राहिला आणि मी त्याच्या पायथ्याशी मुंगीएवढी. आत शिरले तर ठोकळाच गायब! पृष्ठभाग एकाच बाजूने रंगवलेले असतात, आतून दिसत नाहीत. या प्रकरणातून जेवढं शिकले तेवढं त्या भागाच्या व्हिडिओंतून नाही, कारण ते युनिटीच्या जुन्या आवृत्तीवर काढलेले आहेत. सर सांगतात तो मेनू तिथे नसतोच. शंका विचारली तर आठवड्याने उत्तर, ‘व्हिडिओ पुन्हा पाहावा’. पाहिला. मेनू अजूनही नव्हता.

कोर्सच्या माहितीत लिहिलं होतं की हेडसेट नसला तरी चालेल, पुठ्ठ्याच्या खोक्यात फोन घातला की पुरे. पुरत नाही. खोक्यातल्या फोनला मान वळलेली कळते. तुम्ही वाकलात, बाजूला सरलात, हे कळत नाही. ठोकळ्याभोवती फिरायला गेलं की ठोकळा आपल्याबरोबर सरकतो. दुसऱ्या भागाआधी वाकणं, सरकणंही टिपणारा हेडसेट उसना का होईना मिळवा, नाहीतर थांबा.

आता खरी तक्रार. प्रकल्प तपासतात सहाध्यायी, आणि तेही स्क्रीन रेकॉर्डिंगवरून. एका डोळ्याचं दृश्य, सपाट चौकटीत, तीन मिनिटं. माझ्या प्रकल्पाला एकाने शेरा दिला: ‘कॅमेरा फार हलतो, स्थिर ठेवा.’ अहो, ते माझं डोकं होतं! पण हसण्याचा अधिकार मला फार नाही. एका देखण्या बागेच्या प्रकल्पाला मीही व्हिडिओ पाहून पूर्ण गुण दिले. नंतर तो उतरवून घेऊन हेडसेटमध्ये उघडला, तर पहिल्याच मिनिटाला भोवळ. विद्यापीठाने प्रत्येक प्रकल्प हेडसेट घालूनच तपासावा, नाहीतर आम्हाला सुंदर व्हिडिओ काढण्याचंच वळण लागणार.

प्रमाणपत्र आलं. ईमेलमध्येच पडून आहे.

ठोकळ्याचं सांगायचं राहिलं. व्हीआरमध्ये दिसतो तो परस्पेक्टिव्ह: लांबची कड लहान, जवळची मोठी. आमच्या प्रक्षेपात, म्हणजे ड्रॉइंगच्या व्ह्यूंमध्ये, तसं नसतं आणि हा पेच कोर्समध्ये कुठेही सोडवलेला नाही. शेवटी ठोकळ्यामागे एक कागद उभा केला, दुसरा आडवा, आणि त्यांच्यावर परस्पेक्टिव्ह बंद केलेल्या वेगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र सोडलं. ठोकळा हाताने फिरवला की दोन्ही कागदांवरचे व्ह्यू बदलतात, मागे लपलेल्या कडा तुटक रेषांत. सुरुवातीला तो नाकाजवळ ठेवला होता, तर डोळे दुखायला लागले: नजर जवळच्या वस्तूवर वळते, पण भिंगांमुळे फोकस लांबच राहतो. मग हात लांब करून पोचेल इतका मागे नेला.

वर्गात हेडसेट एकच, त्यामुळे रांग लावावी लागते. परवा सगळ्यांत मागे बसणाऱ्या मुलीने ठोकळा धरला, जरा फिरवला आणि मग त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं. नुसती कागदाकडे बघत मनगट वळवत राहिली. “मॅडम, ही तुटक रेष मागच्या भोकाची ना?” तिने हेडसेट न काढताच विचारलं. मागे रांगेत आरडाओरडा चालू होता, तरी तिला मी आणखी दोन मिनिटं दिली.