शेरिडन की अत्रे? नाटकवाल्या पुढाऱ्यावर नाटक लिहायचं तर

नाटकधंद्यातला माणूस राजकारणात जातो, या विषयावर स्पर्धेसाठी दोन अंकी लिहायचं ठरलं की आपल्याकडे पहिलं नाव निघतं आचार्य अत्र्यांचं. दुसरं फारसं कुणाला सुचत नाही: लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरचा मालक रिचर्ड ब्रिन्सली शेरिडन. माझा कौल शेरिडनला आहे.

अत्र्यांकडे सामग्री मुबलक. 1933 चं ‘साष्टांग नमस्कार’, पुढे ‘मोरूची मावशी’, ‘तो मी नव्हेच’, स्वतःची अत्रे थिएटर्स, पुण्याची नगरपालिका, 1957 मध्ये आमदारकी, शिवाय अनेक खंडांचं आत्मचरित्र. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचं खरं हत्यार होतं त्यांचं ‘मराठा’ दैनिक आणि जाहीर सभा. रंगभूमी त्या काळात बाजूलाच राहिली. ‘तो मी नव्हेच’ आलं 1962 साली, म्हणजे राज्य मिळाल्यावर. नाटक आणि राजकारण एकमेकांच्या मानगुटीवर बसलेत असा प्रसंग त्यांच्या आयुष्यात शोधावा लागतो. वर प्रेक्षकाला अत्रे आधीच पाठ असतात. नटाने तो आवाज काढला की टाळ्या पडतील, पण त्या नकलेला.

शेरिडनचं सगळं एकाच गल्ल्यावर चालायचं. 1776 मध्ये, पंचविशीच्या आसपास असताना, त्याने दोन भागीदारांसह गॅरिक या नामवंत नटाचा ड्रुरी लेनमधला अर्धा हिस्सा 35,000 पौंडांना घेतला, तोही बहुतांशी उधारीवर. पुढच्याच वर्षी ‘द स्कूल फॉर स्कॅन्डल’ तुफान चाललं. 1780 मध्ये तो स्टॅफर्डहून खासदार झाला. तेव्हा खासदाराला पगार नव्हता आणि मतदारांचे हात ओले करावे लागत. तो पैसा थिएटरातून यायचा, आणि नट मात्र पगारासाठी ताटकळायचे. (आपल्या निर्मात्यांचे किस्से ऐकलेल्यांना हे नवं वाटणार नाही.)

मराठी प्रेक्षकाला धरून ठेवणारा धागाही इथेच आहे. ज्या गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या अमदानीत इंग्रज मराठ्यांशी लढले आणि 1782 मध्ये सालबाईचा तह झाला, त्याच हेस्टिंग्जवर शेरिडन तुटून पडला. हेस्टिंग्जने अवधच्या बेगमांना लुटल्याच्या आरोपावर 1787 मध्ये तो पार्लमेंटात पाच तासांहून अधिक बोलला. पुढच्या वर्षी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये खटल्यातलं त्याचं भाषण चार दिवस चाललं आणि प्रवेशपत्रिका पन्नास गिनींपर्यंत विकल्या गेल्या. खटल्यातल्या भाषणाला तिकिटाचा काळाबाजार! 1795 मध्ये हेस्टिंग्ज सुटला. पण 1799 साली शेरिडनने ‘पिझारो’ हे नाटक रंगवलं तेव्हा नायकाच्या तोंडी त्या भाषणांचेच पडसाद होते, आणि ते गर्दी खेचत राहिलं. संसदेतला हरलेला खटला मालकाने स्वतःच्या रंगमंचावर गल्ल्यासकट वसूल केला. अत्र्यांच्या चरित्रात या तोडीचा दुवा मला दिसत नाही.

शेवटही लेखकाला आयता मिळतो. 1794 मध्ये उघडलेल्या नव्या ड्रुरी लेनमध्ये आगीपासून बचावासाठी लोखंडी पडदा आणि छतावर पाण्याचा साठा होता. 1809 मध्ये ते तरीही जळालं. शेरिडन तेव्हा पार्लमेंटात होता. पुन्हा बांधणीच्या वेळी व्हिटब्रेड नावाच्या बिअर कारखानदाराने कारभार हाती घेतला आणि त्याला दूर ठेवलं. 1812 मध्ये खासदारकी गेली. खासदाराला कर्जापायी अटक होत नसे, ती ढाल गेल्यावर तीही झाली.

शेरिडनची अडचण खर्चाची आणि भाषेची. इंग्रजी पोशाख, दरबारी वाक्यं, मोठा नटसंच हे हौशी संस्थेला झेपत नाही, आणि मराठीत ते सहज नाटकी वाटतं. एकच दमदार नट हाताशी असेल, बजेट चहापाण्यापुरतं असेल आणि प्रयोग गावोगावी करायचे असतील तर सरळ अत्रे घ्या. मात्र अत्रे 1969 मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनाचा स्वामित्वहक्क 2029 अखेरपर्यंत आहे. उतारे वापरायचे तर परवानगी आधी घ्या. शेरिडनचं मूळ लेखन सगळ्यांना मोकळं आहे.

शेरिडन ठरलाच तर जन्मापासून सुरू करू नका. ‘पिझारो’च्या तालमीपासून उघडा: संहितेची शेवटची पानं अजून लिहायची आहेत, नट थकलेल्या पगाराबद्दल विचारताहेत आणि मालकाला संध्याकाळी पार्लमेंटात बोलायचं आहे.