आरएनएफए, सर्जिकल असिस्टंट, पीए की एनपी? अमेरिकेतल्या ओटी नर्ससाठी तुलनात्मक आढावा

अमेरिकेत ऑपरेशन थिएटरमध्ये काही वर्षं काम केलेल्या नर्ससमोर एक प्रश्न हमखास येतो. हत्यारं हातात देणं पुरे झालं, आता सर्जनच्या समोर उभं राहून प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत मदत करायची आहे. त्यासाठी कोणता मार्ग धरायचा? मार्ग मुख्यतः चार आहेत. रजिस्टर्ड नर्स फर्स्ट असिस्टंट म्हणजे आरएनएफए. नर्सिंगच्या बाहेरून येणारा सर्टिफाइड सर्जिकल फर्स्ट असिस्टंट म्हणजे सीएसएफए. फिजिशियन असिस्टंट म्हणजे पीए. आणि नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे एनपी, होऊन त्यावर आरएनएफएचं प्रशिक्षण.

टेबलावरचं हातांचं काम चौघांचंही जवळपास सारखंच असतं. फरक पडतो तो परवान्यात, बिलात आणि थिएटरबाहेर काय करता येतं यात. बहुतेक जणी निवड करताना फक्त टेबलाकडे पाहतात, आणि दोन वर्षांनी पगाराच्या किंवा अधिकारांच्या भिंतीवर आदळतात.

टेबलावर नेमकं काय करायचं असतं

‘रिट्रॅक्टर (जखम उघडी धरणारं हत्यार) धरून उभं राहणं’ ही या कामाची फार अपुरी कल्पना आहे. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचं ऑपरेशन घ्या. कॅमेरा बहुतेक वेळा असिस्टंटच्या हातात असतो. दुर्बीण ३० अंशांची असेल तर कॅमेरा हेड सरळ धरून ठेवायचं आणि बाजू पाहण्यासाठी फक्त लाइट केबल फिरवायची. हेडच फिरलं तर पडद्यावरचं चित्र कलतं आणि सर्जनचा दिशेचा अंदाज चुकतो. पित्ताशयाचा तळ उजव्या खांद्याच्या दिशेने वर ढकलायचा, पण मानेकडचा भाग मात्र बाहेरच्या बाजूला ओढायचा. तोही वरच ओढला तर पित्ताशयाची नळी आणि मुख्य पित्तनलिका एका रेषेत येतात, आणि मुख्य नलिकाच पित्ताशयाची समजून कापली जाण्याचा धोका तयार होतो. बाहेरच्या बाजूला ताण दिला की दोघींमधला कोन उघडतो. या ऑपरेशनमधली सर्वांत गंभीर इजा टाळण्यात असिस्टंटच्या ताणाच्या दिशेचा वाटा एवढा मोठा आहे. आणखी एक: दुर्बीण बाहेर काढून ठेवताना लाइट चालू राहिला, तर तिचं टोक कापडी किंवा कागदी ड्रेप जाळू शकतं. आधी लाइट स्टँडबायवर, मग दुर्बीण खाली.

उघड्या शस्त्रक्रियेत शिस्त वेगळी असते. रक्त स्पंजने दाबून उचलायचं, पुसायचं नाही; पुसलं की नुकतीच धरलेली गुठळी निघते आणि तीच जागा पुन्हा वाहू लागते. रक्तवाहिनी बांधताना सर्जन पहिली गाठ आवळतो त्या क्षणी असिस्टंटने चिमटा हळूच सैल करायचा आणि लगेच पुन्हा धरायचा. सैल केलाच नाही तर गाठ चिमट्याच्या जबड्यावरच बसते आणि चिमटा काढल्यावर निसटते; पूर्ण सोडला तर वाहिनीचं टोक आत ओढलं जातं. सलग टाका चालू असताना मागचा धागा ताणून धरायचा, पण इतका नाही की ऊती कापली जाईल. धागा कापताना रेशमाची टोकं दोन-तीन मिलिमीटर ठेवली तरी चालतात. नायलॉन किंवा प्रोलीनसारख्या एकपदरी धाग्याची जास्त लांब ठेवावी लागतात, कारण त्याची गाठ सुटू पाहते.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये आपोआप धरून राहणाऱ्या रिट्रॅक्टरचं पातं कमरेतल्या स्नायूवर खोल दाबून बसलं, तर मांडीच्या मज्जातंतूला इजा होते. रुग्णाला उभं राहताना गुडघ्यात बळ नाही हे नंतर कळतं. हात बोर्डावर ९० अंशांपेक्षा जास्त पसरला की खांद्यातल्या मज्जातंतूंच्या जाळ्यावर ताण येतो. पाय रकाबीत चढवताना दोन्ही एकदम चढवायचे. ऑपरेशन संपल्यावर मात्र सावकाश उतरवायचे, नाहीतर रक्त पायांकडे जाऊन दाब घसरतो. इथे नर्सिंगची पार्श्वभूमी असलेला असिस्टंट खरोखर पुढे असतो, कारण पोझिशनिंग त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आरएनएफए: जवळचा रस्ता, पण नियम नीट वाचा

हा वेगळा परवाना नाही. रजिस्टर्ड नर्स म्हणजे आरएनच्या परवान्याचाच विस्तार आहे. असोसिएशन ऑफ पेरिऑपरेटिव्ह रजिस्टर्ड नर्सेस, म्हणजे एओआरएन, या संस्थेने या भूमिकेबद्दलचं पहिलं अधिकृत निवेदन १९८४ मध्ये काढलं. काम नेहमी सर्जनच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली. सर्जन खोलीत नसताना स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया नाही.

क्रम साधारण असा. आधी पेरिऑपरेटिव्ह (शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान आणि नंतरच्या कामाचा) अनुभव आणि सीएनओआर हे ओटी नर्सचं प्रमाणपत्र. त्यासाठी किमान दोन वर्षं आणि २,४०० तास, त्यातले निम्मे प्रत्यक्ष शस्त्रक्रियेदरम्यानचे. मग आरएनएफए अभ्यासक्रम: शरीररचना, ऊती हाताळणं, रक्तस्राव थांबवणं, टाके, आणि त्यानंतर सर्जनच्या हाताखाली साधारण १२० तासांची किंवा त्याहून जास्त इंटर्नशिप. एओआरएनच्या भूमिकेनुसार १ जानेवारी २०२० पासून नव्याने येणाऱ्या आरएनएफएकडे किमान नर्सिंगची पदवी हवी. त्याआधीपासून काम करणाऱ्यांना सूट आहे. सीआरएनएफए हे पुढचं प्रमाणपत्र, आरएनएफए म्हणून २,००० तास झाल्यावर. ते ऐच्छिक आहे, त्यामुळे त्यासाठी कामाची सुरुवात अडवून धरू नका.

मोठा फायदा म्हणजे नोकरी सांभाळून हे होतं. अडचण बहुतेकींना इंटर्नशिपमध्ये येते, कारण शिकवायला तयार असलेला सर्जन आणि परवानगी देणारं हॉस्पिटल दोन्ही स्वतःच शोधावे लागतात. प्रवेशाची फी भरण्याआधी हे दोन्ही लेखी हातात असू द्या.

एओआरएनचा एक नियम छोट्या हॉस्पिटलांत वारंवार वाकवला जातो: फर्स्ट असिस्टंटने त्याच वेळी स्क्रब नर्सचं, म्हणजे हत्यारं देण्याचं आणि मोजणीचं, काम करू नये. ज्याचे दोन्ही हात जखमेत गुंतलेले आहेत, त्याचं लक्ष सुया आणि स्पंजांच्या मोजणीवर राहू शकत नाही. मुलाखतीतच विचारा की फर्स्ट असिस्ट करताना स्क्रबला वेगळं माणूस मिळणार का. उत्तर गुळमुळीत आलं तर ती जागा सोडा.

पैसा कुठून येतो

मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, सहाय्यक सर्जनला, म्हणजे डॉक्टरला, शस्त्रक्रियेच्या ठरलेल्या दराच्या १६ टक्के देतं. पीए, एनपी किंवा क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असेल तर त्याच्या ८५ टक्के, म्हणजे १३.६ टक्के, बिलावर ‘एएस’ मॉडिफायर, म्हणजे असिस्टंट डॉक्टर नाही हे सांगणारी खूण, लागतो. दर १,५०० डॉलर धरला तर डॉक्टरला २४०, पीए किंवा एनपीला २०४. आरएनएफएला शून्य, सीएसएफएलाही शून्य. हात तेच, टाके तेच, तरीही. हा अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे, पण निर्णय घेताना तो गृहीत धरावाच लागतो.

काही ऑपरेशनांत तर मेडिकेअर असिस्टंटसाठी कुणालाच पैसे देत नाही. दरपत्रकात प्रत्येक कोडसमोर ०, १, २ किंवा ९ असा निर्देशांक असतो आणि २ असेल तरच वाट सरळ मोकळी. शिवाय टीचिंग हॉस्पिटलमध्ये पात्र रेसिडेंट (प्रशिक्षण घेणारा डॉक्टर) उपलब्ध असेल तर असिस्टंटचं बिल साधारणपणे नाकारलं जातं. म्हणून आरएनएफएच्या जागा शोधताना रेसिडेंट नसलेली कम्युनिटी हॉस्पिटलं, डे सर्जरी सेंटरं आणि खासगी सर्जनांचे गट आधी पाहावेत.

खासगी विम्याची गोष्ट राज्यागणिक बदलते. फ्लोरिडासारख्या राज्यात कायदा असा आहे की पॉलिसीत सर्जिकल असिस्टिंगचा लाभ असेल तर तो आरएनएफएलाही लागू धरावा. तरी मोठ्या कंपन्या स्वतःच्या पैशातून चालवतात त्या आरोग्य योजनांवर केंद्रीय कायदा चालतो, राज्याचा विमा कायदा नाही. स्वतंत्र आरएनएफएची बरीच बिलं इथेच अडकतात. स्वतंत्र व्यवसायाचा विचार असेल तर आधी ज्या सर्जनांबरोबर काम करणार त्यांच्या रुग्णांत मेडिकेअरचे किती आणि अशा योजनांतले किती, हे त्यांच्या बिलिंग ऑफिसकडून काढा.

| | आरएनएफए | सीएसएफए | पीए | एनपी + आरएनएफए |
|---|---|---|---|---|
| पाया | आरएन परवाना | सर्जिकल असिस्टिंगचं शिक्षण आणि प्रमाणपत्र | मास्टर्स, राष्ट्रीय परीक्षा, राज्याचा परवाना | नर्सिंगची मास्टर्स किंवा डॉक्टरेट |
| नोकरी करत शिकणं | शक्य | अभ्यासक्रमावर अवलंबून | जवळपास अशक्य | बऱ्याचदा शक्य |
| औषधं लिहून देणं | नाही | नाही | हो | हो |
| मेडिकेअर बिल | नाही | नाही | हो | हो |

बाकीचे तीन मार्ग

सीएसएफएबद्दल थोडक्यात: तुमच्याकडे आरएनचा परवाना असेल तर या मार्गाने जाण्यात सहसा अर्थ नाही. सर्जिकल टेक्नॉलॉजिस्टसाठी तो उत्तम आहे. टेक्सास आणि व्हर्जिनियासारख्या मोजक्या राज्यांत सर्जिकल असिस्टंटना स्वतंत्र परवाना मिळतो. अनेक राज्यांत तसा परवाना नाही, मग सगळं हॉस्पिटलच्या धोरणावर.

पीएचा अभ्यासक्रम साधारण २७ महिन्यांचा, पूर्णवेळ, त्यात सुमारे २,००० तास क्लिनिकल फिरती. त्यात बालरोगापासून मानसोपचारापर्यंत सगळं येतं. शस्त्रक्रिया हा त्याचा एक तुकडा. प्रवेशासाठी लागणारं रसायनशास्त्र नर्सिंगच्या पदवीत शिकलेलं बऱ्याच ठिकाणी चालत नाही, त्यामुळे आधी एक-दोन सत्रं विज्ञानाचे विषय पुन्हा करावे लागतात. इतका खटाटोप कुणासाठी? ज्यांना वॉर्डात राउंड, क्लिनिक, ऑर्डर्स आणि प्रिस्क्रिप्शन हवं आहे आणि नर्सिंगची चौकट सोडायची तयारी आहे, त्यांच्यासाठी.

एनपी होऊन मग आरएनएफए करणं हा नर्ससाठी आम्हाला सर्वांत दूरदृष्टीचा मार्ग वाटतो. एनपीसारख्या प्रगत नर्सना आरएनएफए अभ्यासक्रमासाठी सीएनओआरची अट सहसा नसते, आणि बिल करता येत असल्यामुळे नोकरी देणाऱ्याला तुमचा खर्च भरून काढता येतो. पण एक सापळा आहे. एनपीची शाखा कामाला जुळली पाहिजे. फॅमिली शाखेची एनपी हॉस्पिटलमधल्या तीव्र आजारी रुग्णांची जबाबदारी घेऊ लागली की काही ठिकाणी क्रेडेन्शियलिंग समिती, म्हणजे कुणाला कोणतं काम करू द्यायचं हे ठरवणारी हॉस्पिटलची समिती, हरकत घेते. हृदय शस्त्रक्रियेच्या टीममध्ये जायचं असेल तर ॲक्युट केअर शाखा निवडा.

हृदय शस्त्रक्रियेत या चौघांपैकी कुणाला घेतलं जातं हे बहुतांशी एका कौशल्यावर ठरतं: बायपाससाठी पायातली शीर दुर्बिणीतून काढणं. शिरेची फांदी नीट न कापता ओढली गेली तर शिरेला भोक पडतं, ते टाक्याने बुजवावं लागतं आणि ग्राफ्टचा, म्हणजे हृदयाला जोडायच्या त्या शिरेचा, दर्जा उतरतो. हे शिकवणारा सर्जन किंवा जुना असिस्टंट मिळत असेल, तर पदवी कोणती यापेक्षा ती संधी आधी घ्या.

सध्या आरएन असाल, ओटीमध्ये दोन-तीन वर्षं झाली असतील, क्लिनिकची ओढ नसेल आणि घरखर्च थांबवता येत नसेल, तर आरएनएफए घ्या. पुढे एनपी करायचं ठरलं तरी हे तास वाया जात नाहीत. वय कमी आणि दोन-अडीच वर्षं पगाराविना काढता येत असतील, तर एनपी आणि पीए यांची तुलना करा, आरएनएफएची नाही.

काहीही निवडलं तरी नव्या हॉस्पिटलमध्ये पहिल्या केसला उभं राहण्याआधी आपली प्रिव्हिलेजेसची, म्हणजे हॉस्पिटलने परवानगी दिलेल्या कामांची, यादी मागून घ्या. ‘फर्स्ट असिस्ट’ एवढाच शब्द असेल तर तो पुरेसा नाही. त्वचा आणि त्वचेखालचे टाके, फॅशिया (स्नायूंवरचं मजबूत आवरण) बंद करणं, ड्रेन (द्रव बाहेर काढणारी नळी) बसवणं, ट्रोकार (दुर्बीण आणि हत्यारं आत घालायची नळी) घालणं, शीर काढणं या प्रत्येकासमोर हो की नाही लिहिलेलं हवं, आणि कोणत्या सर्जनच्या देखरेखीखाली तेही. यादीत नसलेलं काम सर्जनने तोंडी सांगितलं म्हणून केलं, तर चौकशी झाल्यावर नर्सिंग बोर्डासमोर तुमचा परवाना उभा राहतो, त्याचा नाही.