एडिटिंग सॉफ्टवेअर उघडायला पाच मिनिटं: साफसफाई, एसएसडी, रॅम की थेट नवा पीसी?

विंडोज हार्ड डिस्कवर असेल आणि प्रीमियर प्रो हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायला दीड-दोन मिनिटं लागत असतील, तर तो त्या मशीनचा स्वभाव आहे. पाच-सात मिनिटं लागत असतील तर कुठेतरी काहीतरी अडलंय. एसएसडीवर, म्हणजे फिरती थाळी नसलेल्या वेगवान डिस्कवर, हेच काम साधारण अर्ध्या मिनिटात आटोपायला हवं. तुळशीचं लग्न झालं, लगनसराई लागली, की तालुक्याच्या ठिकाणच्या कॉम्प्युटर दुकानात हा प्रश्न येतोच आणि उत्तरही ठरलेलं असतं: "भाऊ, रॅम टाकून घ्या." खिशातून पैसे काढण्याआधी एक चाचणी करा. तिला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि खर्च शून्य.

पीसी रीस्टार्ट करा. डेस्कटॉप आल्यावर चार मिनिटं कशालाही हात लावू नका, विंडोजची स्वतःची धावपळ संपू द्या. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्स टॅबवर जा. आता सॉफ्टवेअर सुरू करा आणि होम स्क्रीन येईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. बंद करा, लगेच पुन्हा उघडा, पुन्हा मोजा.

पहिल्यांदा चार मिनिटं आणि दुसऱ्यांदा चाळीस सेकंद, असं आलं तर डिस्क दोषी. एकदा वाचलेल्या फाइल्स विंडोज रिकाम्या रॅममध्ये धरून ठेवतं, म्हणून दुसऱ्यांदा डिस्ककडे फारसं जावंच लागत नाही. दोन्ही वेळा सारखाच उशीर झाला आणि डिस्क, सीपीयू दोन्ही दोन-पाच टक्क्यांवर निवांत बसलेले दिसले, तर सॉफ्टवेअर काम करत नाहीये, कशाची तरी वाट पाहतंय: इंटरनेटची, झोपलेल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कची, नाही तर काढून ठेवलेल्या साउंड कार्डची. दोन्ही वेळा उशीर, पण सीपीयू राबतोय, तर दोष प्लगइनचा (सॉफ्टवेअरला वरून जोडलेली जादा साधनं), फॉन्टचा किंवा उष्णतेचा.

| पर्याय | उघडण्याच्या वेळेवर परिणाम | लागणारा वेळ | कधी नको |
|---|---|---|---|
| साफसफाई | "वाट पाहणाऱ्या" मशीनवर सगळ्यात जास्त | एक-दोन तास | डिलिव्हरीच्या आदल्या रात्री |
| एसएसडी | हार्ड डिस्क असेल तर सगळ्यात मोठा | अर्धा दिवस | आधीच एसएसडी असेल तर |
| रॅम | ८ जीबीखाली जाणवेल, पुढे नाममात्र | पंधरा मिनिटं | फक्त उघडायला उशीर होतो म्हणून |
| दुसरं सॉफ्टवेअर | सांगता येत नाही | हात बसायला महिने | सीझन चालू असताना |
| नवा पीसी | होतो, पण खर्चाच्या मानाने महाग पडतो | दोन-तीन दिवस | मदरबोर्ड चांगला असेल तर |

साफसफाई: फुकट, पण क्रम चुकवू नका

पहिली चाचणी इंटरनेटची. वाय-फाय किंवा मोबाइलचा हॉटस्पॉट पूर्ण बंद करून सॉफ्टवेअर उघडा. झटकन उघडलं तर लायसन्स किंवा क्लाउडची तपासणी रखडत होती. नेट अजिबात नसलं तर सॉफ्टवेअरला ते लगेच कळतं आणि ते पुढे सरकतं. एकच कांडी असलेलं, धड चालू नाही न धड बंद नाही असं नेट मात्र घात करतं, कारण प्रत्येक विनंतीची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. गावात टॉवर लांब असेल तर ही चाचणी सोडू नका. क्रॅक केलेल्या प्रतीत तर तपासणी अडवूनच ठेवलेली असते आणि अँटिव्हायरसही तिच्या फाइल्स मधेच उचलून नेतो. अशा प्रतीवर खालचा कोणताही उपाय टिकेल याची खात्री देता येत नाही.

दुसरी चाचणी: सगळ्या एक्स्टर्नल डिस्क, पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, यूएसबी साउंड कार्ड काढा आणि मग उघडा. नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला असेल आणि तो दुसरा पीसी बंद असेल, तर तो ड्राइव्हही डिस्कनेक्ट करा. आवाजाच्या बाबतीत प्रीमियरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, ऑडिओ हार्डवेअर इथे जाऊन डीफॉल्ट इनपुट "नो इनपुट" करून ठेवा. पीसीवरूनच व्हॉइसओव्हर रेकॉर्ड करत नसाल तर यात काहीच बिघडत नाही.

मग प्लगइन. सुरुवातीच्या चित्रावर खाली बारीक अक्षरांत जे नाव बराच वेळ अडकून राहतं, ते कागदावर लिहून घ्या. शिफ्ट दाबून धरून प्रीमियर सुरू केलं की प्लगइनची साठवलेली यादी पुसली जाते. त्या वेळी उघडायला उलट जास्त वेळ लागेल, कारण प्रत्येक प्लगइन नव्याने तपासलं जातं. फरक त्यापुढच्या वेळी मोजा. तरी अडत असेल तर सी ड्राइव्हमध्ये प्रोग्रॅम फाइल्स, अडोबी, कॉमन, प्लग-इन्स, ७.०, मीडियाकोर या फोल्डरमध्ये जा. सॉफ्टवेअर बंद ठेवून अर्धी प्लगइन डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये हलवा आणि उघडून पाहा. वेग आला तर दोषी हलवलेल्या अर्ध्यात आहे. त्यातली अर्धी परत टाका, पुन्हा बघा. चाळीस प्लगइन असली तरी पाच-सहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. ट्रान्झिशनचे जुने पॅक बहुतेकदा कुठल्यातरी लग्नाच्या टीझरसाठी एकदाच वापरलेले असतात, ते काढायला जीव खालीवर करू नका.

फॉन्टकडे स्टुडिओवाले बघतच नाहीत. पत्रिका, अल्बम, बॅनर आणि एडिटिंग एकाच पीसीवर होत असेल तर श्रीलिपी, कृतिदेव आणि अल्बम पॅकसोबत आलेले मिळून हजार-दोन हजार फॉन्ट सहज भरतात. सॉफ्टवेअर उघडताना ते सगळे चाळले जातात. व्हिडिओच्या टायटलला पंधरा-वीस फॉन्ट पुरतात. बाकीचे डीटीपीच्या पीसीवर ठेवा.

लाईन, म्हणजे वीज, अचानक गेल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल, तर सेटिंगची फाइल अर्धवट लिहिली गेली असण्याची शक्यता मोठी. ऑल्ट दाबून प्रीमियर सुरू करा. नव्या आवृत्त्यांत काय काय रीसेट करायचं ते विचारणारी खिडकी येते. आधी डॉक्युमेंट्समधल्या अडोबीच्या फोल्डरमधून प्रोफाइल फोल्डरची कॉपी काढून ठेवा, शॉर्टकट आणि वर्कस्पेस त्यात असतात.

मीडिया कॅशे (फुटेजवरून सॉफ्टवेअरने बनवून ठेवलेल्या मदतीच्या फाइल्स) उडवणं हा यूट्यूबवरचा लाडका सल्ला. सी ड्राइव्ह गळ्यापर्यंत भरला असेल तर तो उपयोगी, एरवी उलटा पडतो. ऑडिओच्या पीईके आणि सीएफए फाइल्स त्यातच असतात. त्या उडवल्या की पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडताना तीन कॅमेऱ्यांचा सगळा आवाज पुन्हा वाचत बसावा लागतो. फक्त संपलेल्या कामांची कॅशे काढा आणि सी ड्राइव्हची पंधरा-वीस टक्के जागा मोकळी ठेवा.

सॉफ्टवेअर लवकर उघडतं, पण प्रोजेक्ट उघडायला उशीर लागतो, ही तक्रार वेगळी. गेल्या वर्षीच्या लग्नाच्या प्रोजेक्टवरच "सेव्ह ॲज" करत नवं लग्न चढवत गेलं की जुन्या सीक्वेन्स, जुन्या क्लिपा सगळं मागे ओढलं जातं. दर लग्नाला रिकामा प्रोजेक्ट घ्या आणि टायटलचे साचे तेवढे इम्पोर्ट करा. फुटेजची डिस्क निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या पोर्टला लावा. यूएसबी २ वर सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर काही मिळत नाही.

एसएसडी: हार्ड डिस्क असेल तर वाद नाही

कारण साध्या गणिताचं आहे. ७२०० आरपीएमच्या डिस्कची थाळी एक फेरा ८.३ मिलिसेकंदांत घेते. हेड जागेवर जायला आणि थाळी फिरून यायला मिळून दर वाचनाला सुमारे १२ मिलिसेकंद धरा. सॉफ्टवेअर उघडताना विखुरलेली दहा हजार वाचनं झाली तर १२० सेकंद नुसत्या धावपळीत जातात. एसएसडीला दर वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरलं तर तेच काम एका सेकंदाचं. म्हणूनच हार्ड डिस्कवर टास्क मॅनेजरमध्ये "डिस्क १०० टक्के" दिसतं आणि खाली वेग मात्र एक-दोन एमबीचा.

एसएसडीत साटा (जुन्या जोडणीची) घ्यावी की एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची)? सुरुवातीच्या वेळेत दोघींतला फरक काही सेकंदांचा. कागदावर साटा ५५० एमबी आणि तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५०० एमबी असली तरी बारीक फाइल्स वाचताना तो आकडा कामी येत नाही. मदरबोर्डवर एम.२ स्लॉट (एसएसडी थेट खोचायची जागा) असेल तर एनव्हीएमई घ्या, पण तो स्लॉट एनव्हीएमई चालवतो की फक्त साटा, ते बोर्डच्या माहितीपत्रकात आधी बघा. एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा जुना बोर्ड असेल तर अडीच इंची साटा एसएसडीच घ्या. एच६१ वर सगळे पोर्ट ३ गिगाबिटचे, म्हणजे वेग २७० एमबीच्या आसपास अडतो. तरी उघडण्याच्या वेळेत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. एच८१ वर दोन पोर्ट ६ गिगाबिटचे असतात, केबल त्यातच लावा.

आकार ५०० जीबीच्या आसपास ठेवा. विंडोज, सॉफ्टवेअर आणि चालू कामाची कॅशे त्यात बसते. फुटेज जुन्या हार्ड डिस्कवर राहू द्या. नाव न ऐकलेली, भलतीच स्वस्त १ टीबी दिसली तर हात आखडता घ्या: खोटा आकार दाखवणारा मालही बाजारात फिरतो. नागपूरच्या सीताबर्डीतून आणा की अमरावतीहून, पक्कं बिल आणि तीन वर्षांची वॉरंटी बघूनच.

बसवण्याआधी जुनी डिस्क क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तपासा. ०५ आणि सी५ या ओळींचा रॉ आकडा शून्य नसेल तर डिस्क मरणपंथाला लागली आहे. क्लोन (डिस्कची हुबेहूब नक्कल) नंतर, आधी फुटेजची कॉपी. सी७ चा आकडा वाढत असेल तर डिस्क बरी, केबल खराब. हा दोष नव्या साटा केबलने जातो आणि एसएसडीचे पैसे वाचतात.

क्लोन की नवं विंडोज? नवं विंडोज स्वच्छ असतं, पण सॉफ्टवेअर आणि प्लगइन पुन्हा उतरवायला कित्येक जीबी डेटा लागतो. दिवसाला दोन जीबीच्या रिचार्जवर आठवडा जाईल. म्हणून खेड्यात क्लोनच बरा, पण वरची साफसफाई आटोपून, म्हणजे कचरा सोबत येत नाही. क्लोनझिला फुकट आहे, पण त्याला नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी लागते. लहान एसएसडीवर जायचं तर तिच्या कंपनीचं क्लोन सॉफ्टवेअर वापरा. क्लोन झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, नाही तर पीसी गुपचूप तिच्यावरूनच सुरू होतो आणि "एसएसडी टाकूनही फरक नाही" असं वाटतं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) साटा मोड आयडीई असेल तर तो थेट एएचसीआय करू नका, निळी स्क्रीन येईल. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल असं ठरवा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये उघडा, मग नेहमीसारखं चालवा.

रॅम आणि उष्णता

४ जीबीवर असाल तर रॅम आधी. ८ जीबी हा प्रीमियरचा किमान आकडा आहे, १६ जीबीवर टाइमलाइन मोकळी चालते. पण हे सगळं चालतानाचं सुख. उघडण्याचा वेळ १६ वरून ३२ केल्याने हलत नाही. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे चुकीचं निदान आता जास्त महागात पडतं. घ्यायचीच असेल तर टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर किती स्लॉट भरलेत ते बघा आणि जुनीच्याच जोडीची घ्या.

अकोला, चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. दुकान जिनिंगजवळ असेल तर हीटसिंकमध्ये कापसाची रुई, तुरीच्या हंगामात कुटाराची धूळ. सकाळी पटकन उघडणारं सॉफ्टवेअर दुपारी रेंगाळत असेल, तर टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा वेग बघा. लोड असतानाही तो बेस स्पीडच्या खाली उतरत असेल तर थर्मल पेस्ट बदला आणि ब्लोअर मारा. मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. लॅपटॉप बॅटरीवर असताना वेग आपोआप कमी होतो, म्हणून मोजणी चार्जर लावूनच करा.

सॉफ्टवेअर बदलायचं की पीसी?

दाविंची रिझॉल्व्ह मोफत मिळतं म्हणून मोह होतो. पण तेही अनेक जीबींचं आहे, हार्ड डिस्कवर तेही रडतच उघडतं आणि चालायला १६ जीबी रॅम व चांगलं ग्राफिक्स कार्ड मागतं. प्रीमियरचा प्रोजेक्ट एक्सएमएलने नेता येतो, पण टायटल आणि प्लगइनचे इफेक्ट मागेच राहतात. शेतीचे किंवा गावातल्या कार्यक्रमांचे साधे व्हिडिओ यूट्यूबसाठी कापायचे असतील तर शॉटकट, केडेनलाइव्ह पुरे आहेत, आणि जुन्या मशीनवर ते पटकन उघडतात. तीन कॅमेऱ्यांचं लग्न रोज हाताळणाऱ्याने बदल पावसाळ्यात करावा, कामं बंद असताना.

नवा पीसी कधी? विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. चौथ्या पिढीचा आय५ असेल तर त्यावर साटा एसएसडीपलीकडे एक रुपया घालू नका; ती उद्या नव्या पीसीतही बसेल, जुन्या बोर्डची डीडीआर३ रॅम मात्र तिथेच राहील. आठव्या पिढीपासून पुढचं मशीन असेल तर एसएसडी आणि १६ जीबीवर ते आणखी दोन-तीन सीझन काढेल. नव्या पीसीसाठी राखलेल्या पैशांतून चांगला यूपीएस घ्या, ६०० व्हीएचा नाही, ग्राफिक्स कार्ड असेल तर १ केव्हीएचा. लाईन गेली की सेव्ह करून नीट बंद करायला पाच मिनिटं मिळतात, आणि वरची निम्मी साफसफाई मुळात करावीच लागत नाही.