टेन्स मशीन की गरम पाण्याची पिशवी?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या शेजारच्या मावशींनी विचारलं, "बिड्या वळून वळून कंबर धरते. मशीन घेऊ की पिशवीच बरी?"

टेन्स म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅडमधून विजेच्या हलक्या झिणझिण्या देऊन दुखणं कमी करणारं छोटं मशीन. खर्चात पिशवी कधीही स्वस्त. मशीनचे चिकट पॅड वापरून सैल पडतात, ते पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात.

काम कसं करतात, हे मात्र नीट समजून घ्यायला हवं. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. स्पर्शाच्या जाड नसा जाग्या झाल्या की बारीक नसांतून येणारा वेदनेचा निरोप मेंदूकडे कमी जातो. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो, ते यासाठीच. टेन्स तेच विजेच्या झिणझिण्यांनी साधतं. पण रोज एकाच जोरावर लावलं तर शरीर सरावतं.

पिशवीनं रक्त खेळतं, स्नायू सैलावतात. "कडक शेकच चांगला" हे मला पटत नाही. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या पुढं नसांमधला टीआरपीव्ही-१ हा उष्णता ओळखणारा रिसेप्टर स्वतःच वेदनेचा इशारा देतो. त्याच्या शोधासाठी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आखडलेल्या कमरेला, रात्री झोपण्याआधी पिशवी घ्या. बसून काम करताना आराम हवा असेल किंवा मे महिन्यात शेक नकोसा होत असेल तर टेन्स. पेसमेकर असेल तर टेन्स अजिबात नको. मधुमेहानं त्वचा बधिर असेल तर पिशवी टाळा, भाजलेलं कळत नाही. पायात मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.