टायपिंगच्या घरबसल्या कामात माझे ₹२४,१९० गेले

आकडे आधीच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज नको. नोंदणीचे ₹२,९५०, करार रद्द करण्याचे ₹६,४९० आणि वकिलाच्या 'एनओसी'चे, म्हणजे ना हरकत दाखल्याचे, ₹१४,७५०. एकूण ₹२४,१९०. घरबसल्या डेटा एन्ट्रीचा हा धंदा कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहेच. आधी नोंदणी, मग काम, मग 'तुमच्या चुका फार', मग नोटीस. मीही असं ऐकून होते. पण "शिकलीसवरलेली बाई अशी कशी फसते" हे आमच्या भाऊजींनी चारचौघांत बोलून दाखवल्यापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मी पैसे दामदुप्पट करायला गेले नव्हते. काम मागायला गेले होते. सगळी हयात टायपिंगवर काढली आहे. यंत्रावर मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पास. कोर्टाच्या आवारात बसून प्रतिज्ञापत्रं बडवली. डीटीपी आलं तेव्हा पेजमेकर शिकून लग्नपत्रिका लावल्या. मग एका कर सल्लागाराकडे रिटर्न भरले, शेवटी शाळेत कंत्राटी लिपिक. यंत्रावरची सरकारी परीक्षा २०१७ साली बंद पडली आणि आमच्या इन्स्टिट्यूटच्या सरांनी मशिनं भंगारात काढली, तरी माझी बोटं कुठे ना कुठे चालूच होती. शाळेचं कंत्राट संपल्यावर या वयात कोण दारात उभं करतं? त्यात ही जाहिरात: एका फॉर्मला ₹३०, ६०० फॉर्म, मुदत सहा दिवस, अचूकता ९० टक्के. म्हणजे ₹१८,०००. मला वाटलं, चला, एकदाचं आपलं काम आलं.

फोनवरची मुलगी गोड. मॅडम, मॅडम. नोंदणीचे ₹२,५००, वर १८ टक्के जीएसटी. पावती आली, आणि घोडं इथेच पेंड खातं. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, आपले २७. पुढे दहा अक्षरी पॅन, मग तीन अक्षरं. त्या पावतीवर चौदाच होती. पॅनमध्ये पाच अक्षरांनंतर चार आकडे लागतात, तिथे तीनच. कर सल्लागाराकडे असे क्रमांक मी झोपेतसुद्धा टाइप केले असते. पण पावती फोनवर, अक्षर मुंगीएवढं, आणि माझी नजर रकमेवर. पैसे बरोबर कापलेत ना, एवढंच बघितलं. नंतर ती पावती मोठी करकरून इतक्यांदा पाहिली आहे की तो क्रमांक आता तोंडपाठ झालाय. जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो, लॉगिनसुद्धा लागत नाही. तपासा. मिनिटभराचं काम आहे.

कामाचं काय सांगू! फॉर्म म्हणजे चित्रं, आणि तीही मुद्दाम धूसर केलेली. इंग्रजी लहान एल आणि आकडा एक यांत फरक दिसेल तर शपथ. नावानंतर एक जागा सोडलीय की दोन, ते कळायचं नाही, आणि एक जागा चुकली की अख्खा फॉर्म बाद. शेवटच्या दिवशी फॉर्म भरायचं त्यांचं ऑनलाइन पॅनेलच उघडेना. तेव्हा मी स्क्रीनचे फोटो काढून ठेवले, तेवढं एक बरं केलं. निकाल आला: अचूकता ७१ टक्के. माझी! मी शाळेचे दाखले लिहिलेत, त्यात काना-मात्रा चुकला तर पालक भांडायला येतात.

मग गोड मुलगी गेली आणि एक पुरुष आला. करार मोडलात, नुकसानभरपाई द्या, नाहीतर ₹५,५०० भरून करार रद्द करा. वर पुन्हा जीएसटी. मी भरले. त्यानंतर वकिलाची नोटीस, तराजूचं चित्र, लाल शिक्का, 'भादंवि ४२०' (जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम), आणि परवा पोलीस घरी येतील अशी धमकी. आता कळतंय की जुलै २०२४ पासून भादंवि नाहीच, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. आणि ठरल्याप्रमाणे काम झालं नाही हा दिवाणी वाद, त्यासाठी पोलीस कुणाच्या घरी येत नाहीत. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. असा फोन आला तर वकिलीच्या सनदेचा क्रमांक विचारा आणि फोन ठेवून द्या.

मग 'एनओसी'चे ₹१४,७५० का भरले? घरात मुलीचं स्थळ बघणं चालू आहे. पोलीस दारात आले असते तर पुढची बोलणी तिथेच संपली असती. ज्यांच्या घरात असं काही चालू नाही त्यांनी मला हुशारी शिकवू नये.

आता आमच्या पोलीस ठाण्याची गंमत ऐका. अंमलदार म्हणाले, "मावशी, सही तुमची, पैसे तुम्ही पाठवलेत, हा दिवाणी मामला." ठगाने फौजदारी म्हणून धमकावून पैसे काढले आणि पोलीस दिवाणी म्हणून परत पाठवताहेत! दुसऱ्यांदा गेले तर म्हणे कंपनी परराज्यातली, तिकडे जा. सायबरवाल्यांकडे गेले तर रक्कम छोटी आहे, ठाण्यातच द्या. ठाण्यात म्हणाले, ऑनलाइन झालंय ना, मग सायबर. अर्ज मी टाइप करून नेला होता, तारीखवार, स्क्रीनच्या फोटोंसकट. साहेबांनी तो उलटा करून मागे कुणाचा तरी मोबाइल नंबर लिहून घेतला. पोच मागितली तर "पोच कशाला, आम्ही आहोत ना." हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही, शून्य क्रमांकाने (झीरो एफआयआर) नोंदवावा लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते लिहिलेलं आहे, पण हे मी वाचून दाखवायला लागले की त्यांचा चहा येतो. नाकारलं तर अर्ज पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मी पाठवलाय. पुढची पायरी न्यायदंडाधिकारी.

बँकेत तर विचारलं, "यूपीआय पिन तुम्हीच टाकलात ना?" हो, मीच टाकला. परस्पर पैसे गेले असते तर कामकाजाच्या तीन दिवसांत कळवून नियमाने परत मिळाले असते. आपल्या हाताने दिलेल्याला ते संरक्षण नाही. कायद्याने त्यांचं बरोबर असेल, पण खिडकीतल्या मुलाने हसायचं काही कारण नव्हतं.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. समोरच्या खात्यात पडून आहेत तोवरच ते अडवता येतात. मी लाजेने गप्प बसले आणि तेवढ्यात खातं रिकामं झालं.

आणि हो, गेल्या आठवड्यात आणखी एकाचा फोन. तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, ₹३,५४० भरा. माझं नाव, रक्कम, सगळं त्याला पाठ. म्हणजे यादी विकली गेली. एकदा फसलात की असे फोन येणारच, त्यातल्या कुणालाही दमडी देऊ नका.

अधीक्षकांना पाठवायच्या अर्जाचा मसुदा मी टाइप करून ठेवलाय. नाव आणि आकडे बदलले की झालं. हवा असेल त्याने न्या, नोंदणी फी नाही.